नाण्याची पारख

१९४७ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पिट्सफील्ड नावाचे एक शहर आहे. तेथील शाळेत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाने शाळेच्या भोजनगृहात खाद्यपदार्थांचे पैसे दिले आणि उरलेली मोड परत घेतली. त्या मोडीत तांबूस रंगाचा एक सेंट होता. सेंट हे अमेरिकेतील सर्वांत कमी किमतीचे नाणे. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो. एवढ्या क्षुल्लक नाण्याकडे दुसऱ्या कोणी वळूनही पाहिले नसते. परंतु या मुलाला नाणी जमविण्याचा छंद होता. खिशात टाकण्यापूर्वी प्रत्येक नाण्यावरील साल वाचावयाचे, ही त्याची सवय. या सेंटवरचे साल वाचताच तो चकित झाला. साल होते १९४३ आणि नाणे होते तांब्याच्या रंगाचे!

यात आश्चर्य ते कोणते, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९४३ साली दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. तोफगोळ्यांची आणि बंदुकीच्या काडतुसांची आवरणे तयार करण्यासाठी तांब्याची फार मोठी गरज होती. अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी सेंट पाडले जात आणि त्यांत शंभरात पंचाण्णव भाग तांबे असे. ते तांबे वाचविण्यासाठी सरकारने त्या एका वर्षापुरते पोलादाचे सेंट पाडले आणि त्यांना जस्ताचा मुलामा दिला. फिलाडेल्फिया, डेन्व्हर व सॅन फ्रान्सिस्को येथील तीन टांकसाळींतून असे १०९ कोटींहून अधिक सेंट बाहेर पडले. हे पांढरे सेंट लोकांच्या पसंतीस उतरले नाहीत. पुष्कळजण त्यांना चुकून दहा सेंटांचे नाणे समजत. शिवाय मुलामा झिजला की आतील पोलाद गंजू लागे. १९४४ साली पुन्हा तांब्याचे सेंट सुरू झाले. म्हणून १९४३ चा सेंट म्हणजे पांढरा सेंट, हे अमेरिकेतील लहान मुलालाही ठाऊक होते.

मग त्या मुलाच्या हातातील तांबूस सेंट आला कोठून?

त्याच सुमारास लोकांत एक वदंता पसरली होती. १९४३ सालचा तांब्याचा सेंट आणून देणाऱ्यास एका मोठ्या मोटार कारखान्याचा मालक नवी कोरी मोटारगाडी बक्षीस देणार आहे, असे लोक म्हणत. मुलाने चौकशी केली, तेव्हा ती वार्ता खोटी असल्याचे कळले. त्याने सरकारच्या कोषागार खात्याकडेही विचारणा केली. उत्तर आले की, १९४३ साली तांब्याचे सेंट पाडलेच गेले नाहीत. त्या वर्षीचे सर्व सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत. ज्या सरकारने नाणी पाडली, तेच सरकार असे सांगत होते. तरीही मुलाने नाणे फेकून दिले नाही, की खर्चूनही टाकले नाही. त्याने ते आपल्या संग्रहात जपून ठेवले.

त्याचे नाणे खरे होते की खोटे? याचे उत्तर मिळविण्यापूर्वी नाण्याची पारख कशी करतात, ते पाहू.

अमेरिकेत नाणी शोधण्याचा छंद फार जुना आहे. १९३० नंतरच्या दशकात तेथे पुठ्ठ्याचे फलक विकत मिळू लागले. त्यांवर ओळीने गोल भोके पाडलेली असत आणि प्रत्येक भोकाखाली एकेक साल छापलेले असे. ज्या सालाचे नाणे मिळेल, ते त्या भोकात बसवावयाचे. भोके भरण्याच्या नादाने हजारो मुले व मोठी माणसे सुट्या पैशांकडे बारकाईने पाहू लागली. पुढे हे छंदिष्ट लोक पेढीतून नाण्यांच्या सुरळ्याच आणू लागले. पेढीत नाणी मोजून कागदात गुंडाळून ठेवलेली असतात. सेंटच्या एका सुरळीत ५० नाणी असतात, तर पाच सेंटांच्या सुरळीत ४०. सुरळी घरी आणावी, टेबलावर उलगडावी, एकेक नाणे दोन्ही बाजूंनी पाहावे, हवे ते ठेवून घ्यावे आणि उरलेली नाणी पुन्हा पेढीत भरावीत, असा हा क्रम. यात पैसा फारसा गुंतत नाही. गुंततात ते डोळे आणि वेळ.

शंभर सुरळ्या उलगडल्या, तरी बहुतेक सर्व नाणी साधीच निघतात. पण मधूनच एखादे नाणे वेगळे दिसते. कोणाचा रंग निराळा, कोणाची अक्षरे दुहेरी, तर कोणावरील चित्राचा एखादा भाग नाहीसा. अशा वेळी अननुभवी माणसाला वाटते की, आपल्याला घबाड सापडले. अनुभवी पारखी मात्र आधी एक प्रश्न विचारतो: ‘हे वेगळेपण टांकसाळीत जन्माला आले, की टांकसाळीबाहेर?’ टांकसाळीत चूक घडली असेल, तर नाणे दुर्मीळ होय. बाहेर कोणी ते घासले, रंगविले किंवा ठोकले असेल, तर ते केवळ बिघडविलेले नाणे होय. नाण्याच्या पारखीचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरते.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी नाणे कसे तयार होते, हे ठाऊक असावे लागते. प्रथम धातूच्या पत्र्यातून गोल कोऱ्या चकत्या कापतात. नंतर प्रत्येक चकती कठीण पोलादाच्या दोन ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाने दाबतात. ठशावर चित्र व अक्षरे उलटी आणि खोल कोरलेली असतात. म्हणून नाण्यावर ती सुलटी आणि उठावदार उमटतात. टांकसाळीतील चूक बहुधा दोन ठिकाणी होते: एक तर चकती चुकीची असते, किंवा ठसा सदोष असतो. बाहेरच्या माणसाच्या हाती मात्र चकती नसते आणि ठसाही नसतो. त्याच्या हाती असते ते तयार नाणे. म्हणून त्याची करामत नाण्याच्या पृष्ठभागावर आपली खूण ठेवून जाते.

आता १९४३ च्या तांबूस सेंटची परीक्षा पाहा. पहिली कसोटी लोहचुंबकाची. पुष्कळ लोकांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून ‘तांब्याचे’ सेंट बनविले. डोळ्यांना ते हुबेहूब दिसतात. पण लोहचुंबक जवळ नेताच नाणे त्याला जाऊन चिकटते, कारण वरचे आवरण तांब्याचे असले, तरी पोटातील पोलाद लपत नाही. दुसरी कसोटी वजनाची. पोलादाच्या सेंटचे वजन सुमारे २.७ ग्रॅम असते, तर तांब्याच्या सेंटचे ३.११ ग्रॅम. हा फरक हाताला कळत नाही, पण नाजूक काट्याला तत्काळ कळतो.

या दोन्ही कसोट्यांना नाणे उतरले, म्हणजे ते खरे ठरले काय? नाही. कारण लबाड माणसे दुसरीही एक युक्ती योजतात. १९४८ सालचा सेंट तांब्याचाच असतो. त्यावरील ८ या आकड्याची डावी बाजू बारीक हत्याराने कोरून काढली की, इंग्रजी लिपीतील ८ चा ३ होतो आणि १९४८ चे १९४३ बनते. असे नाणे लोहचुंबकाला चिकटत नाही आणि वजनातही चुकत नाही. येथे उपयोगी पडते ते भिंग. १९४३ च्या अस्सल सेंटवर ३ या आकड्याचे शेपूट लांब असून ते इतर आकड्यांच्या रेषेखाली उतरलेले असते. ८ मधून कोरलेल्या ३ ला असे शेपूट नसते. शिवाय त्याच्या डाव्या अंगाला हत्याराचे ओरखडे दिसतात. लोहचुंबकाने जे पकडले नाही, ते भिंगाने पकडले. म्हणूनच पारखी एका कसोटीवर कधीही विसंबत नाही.

दुसरे उदाहरण तीन पायांच्या रानबैलाचे. १९१३ ते १९३८ या काळात अमेरिकेच्या पाच सेंटांच्या नाण्यावर बायसन नावाच्या रानबैलाचे चित्र असे. १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीतील एका ठशावर ओरखडे पडले होते. ते घालविण्यासाठी ठसा घासण्यात आला. पण तो प्रमाणाबाहेर घासला गेला. परिणामी रानबैलाचा पुढचा एक पाय ठशावरून जवळजवळ पुसला गेला आणि नाण्यांवर तीन पायांचा बैल उमटू लागला. हे नाणे दुर्मीळ ठरताच काहींनी साध्या नाण्यावरील पाय कानशीने घासून काढण्यास आरंभ केला. मग खरे कोणते आणि खोटे कोणते? खऱ्या नाण्यावर पाय नाहीसा असला, तरी त्याचा खूर शिल्लक असतो. तसेच बैलाच्या पोटाखाली बारीक उठावदार ठिपक्यांची एक ओळ दिसते. हे ठिपके ठशाच्याच दोषाने उमटलेले आहेत. कानस नाण्यावरील धातू खरवडून काढू शकते, परंतु नवा उठाव निर्माण करणे तिला शक्य नाही. लबाडी पाय काढू शकली, पण ठिपके घालू शकली नाही.

तिसरे उदाहरण दुहेरी अक्षरांचे. नाणे पाडण्याचा ठसा तयार करताना एका मूळ ठशाने त्यावर दोन किंवा अधिक वेळा दाब देत असत. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशा दोन दाबांच्या मध्ये ठसा किंचित फिरला. त्यामुळे ठशावरच सारी अक्षरे दुहेरी कोरली गेली. चूक ध्यानात आली, तोपर्यंत ते सेंट चांगल्या नाण्यांच्या राशीत मिसळून गेले होते. ते निवडून काढणे अशक्य होते आणि साऱ्या राशी वितळविणेही परवडणारे नव्हते. त्यामुळे असे २०,००० हून अधिक सेंट लोकांच्या हाती गेले. या सेंटवरील साल आणि अक्षरे भिंगाशिवायही दुहेरी दिसतात; मागील बाजू मात्र साधी असते, कारण दोष एकाच ठशात होता. त्याच सालच्या इतर पुष्कळ सेंटवर केवळ शेवटचा आकडा पुसट दुहेरी दिसतो. ती जुन्या झालेल्या ठशाची झीज होय. तिला विशेष मोल नाही. दोन्ही नाणी टांकसाळीतीलच. परंतु एक अपूर्व आणि दुसरे सामान्य. हा भेद ज्याला कळतो, तोच पारखी.

काही नाण्यांमागे केवळ लोभाची कथा असते. १८८३ साली अमेरिकेत पाच सेंटांचे नवे नाणे निघाले. त्यावर पाच या अर्थाचा रोमन आकडा होता, पण पाच काय, सेंट की डॉलर, हे लिहावयाचे राहून गेले होते. त्या वेळी पाच डॉलरचे सोन्याचे नाणेही जवळपास त्याच आकाराचे होते. काही ठकांनी नव्या नाण्याला सोन्याचा मुलामा देऊन ते पाच डॉलर म्हणून खपविले. डोळे फसले, पण तराजू फसला नसता, कारण सोन्याचे नाणे ८.३६ ग्रॅमचे, तर हे अवघे ५ ग्रॅमचे होते. सरकारने त्याच वर्षी नाण्यावर ‘सेंट’ हा शब्द घातला आणि ठकांची वाट बंद केली.

सगळीच बदललेली नाणी मात्र लबाडीतून जन्मत नाहीत. जादूगारांसाठी दोन नाणी कापून एकमेकांत बसवितात आणि दोन्ही बाजूंना मुखवटा असलेले नाणे बनवितात. त्याच्या कडेच्या आतील बाजूस जोडाची बारीक रेघ सापडते. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी सेंटवर जस्ताचा थर चढवितात, तेव्हा तो चांदीसारखा चकाकू लागतो. पुढे कधीतरी तोच सेंट सुरळीतून एखाद्या शोधकाच्या हाती येतो आणि क्षणभर त्याचे काळीज धडधडते. फसविण्याचा हेतू कोणाचाच नसतो. तरीही न पारखता विश्वास ठेवणारा फसतोच.

आपल्याकडेही चांदीचे रुपये चलनात होते, तेव्हा माणसे रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत आणि मगच तो स्वीकारीत. ‘वाजवून घेणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही रूढ आहे. आजच्या नाण्यांवरील सालाखालीही बारकाईने पाहण्यासारखे पुष्कळ असते. मुंबईच्या टांकसाळीतील नाण्यावर तेथे हिऱ्याच्या आकाराची खूण आढळते, तर हैदराबादच्या नाण्यावर तारा. रोज हाताळलेल्या नाण्यावरील ही खूण किती जणांनी पाहिलेली असते?

आता पुन्हा पिट्सफील्डच्या त्या मुलाकडे वळू. सरकारी उत्तर चुकीचे होते, पण ते मुद्दाम दिलेले खोटे उत्तर नव्हते. तांब्याचे सेंट पाडण्याचा हुकूम १९४३ साली खरोखरच नव्हता. तथापि १९४२ सालच्या काही कोऱ्या तांब्याच्या चकत्या पेट्यांच्या कानाकोपऱ्यांत अडकून राहिल्या असाव्यात आणि पोलादी चकत्यांबरोबर त्याही ठशांखाली गेल्या असाव्यात, असे जाणकार मानतात. अशा रीतीने मोजके तांब्याचे सेंट टांकसाळीतून नकळत बाहेर पडले. १९४४ साली याच्या नेमके उलट घडले. तेव्हा उरलेल्या पोलादी चकत्यांवर काही सेंट पाडले गेले. चकती चुकली, पण ठसा खरा होता. म्हणून ही नाणी अस्सल होत. पुढे जाणकारांनी त्या मुलाचे नाणे तपासले आणि ते अस्सल असल्याचा निर्वाळा दिला.

तो मुलगा मोठा झाला, म्हातारा झाला. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याने ते नाणे सांभाळले. आयुष्याच्या अखेरीस त्याने ते विकण्याचे ठरविले आणि त्याची रक्कम आपल्या गावच्या ग्रंथालयाला देण्याचा निश्चय केला. २०१८ साली त्याचे निधन झाले. १९ च्या जानेवारीत, म्हणजे २०१९ सालच्या आरंभी, त्या एका सेंटचा लिलाव झाला. त्याला २,०४,००० डॉलर आले.

या किमतीकडेच पाहणारा माणूस या कथेतील खरे मोल हरवून बसेल. ज्यांनी १९४८ चा आकडा कोरून १९४३ केला, त्यांच्याजवळही तांबूस सेंटच होता. त्यांनी आपल्या इच्छेप्रमाणे नाणे बदलले. या मुलाने नाण्याला हात लावला नाही. ‘असे नाणे असूच शकत नाही,’ असे सांगितले गेल्यावर तो रागावला नाही आणि डोळ्यांनी पाहिलेले नाकारूनही मोकळा झाला नाही. तो थांबला आणि निर्णय पुराव्यावर सोपविला.

पारखी होण्यासाठी भिंग, काटा आणि लोहचुंबक ही साधने लागतात. ती कोणालाही विकत मिळतात. परंतु आणखी एक गोष्ट लागते, ती बाजारात मिळत नाही. हाती आलेले नाणे साधे निघाले, तर ‘हे साधेच आहे’ असे स्वतःशी कबूल करण्याचा प्रामाणिकपणा, हीच ती गोष्ट होय. शंभर साध्या नाण्यांना ज्याने साधे म्हटले, त्याच्याच शब्दाला एकशे एकाव्या नाण्याच्या वेळी किंमत येते.

स्वाध्याय

१. १९४३ साली अमेरिकेत पोलादाचे सेंट का पाडण्यात आले?
२. लोहचुंबकाला न चिकटणारा १९४३ सालचा सेंटही खोटा असू शकतो. तो कसा, हे सांगा.
३. ‘लबाडी पाय काढू शकली, पण ठिपके घालू शकली नाही.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. सरकारी उत्तर चुकीचे असूनही ते खोटे का म्हणता येत नाही?
५. घरातील दहा नाणी घेऊन त्यांवरील साल, टांकसाळीची खूण, रंग व लोहचुंबकाचा परिणाम यांची नोंद वहीत करा.